वाचकांचे प्रश्न : भूकंपयंत्राचा हिरवा दिवा आणि कोकणातली हवा

इमारतींत बसवलेल्या भूकंपनोंद यंत्रांच्या देखभालीविषयी कोकणातील वाचकांची जी पत्रे आली, ती या वेळी एकत्र घेतली आहेत. इमारतीच्या पायाशी आणि गच्चीवर बसवलेले संवेदक इमारत किती जोराने आणि कोणत्या दिशेने हलली हे तीन दिशांत मोजतात आणि नोंदपेटी ते मोजमाप वेळेसह साठवून ठेवते, एवढी माहिती पुढील उत्तरांसाठी पुरेशी आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या सात मजली इमारतीत विकासकाने तीन संवेदक आणि मीटरखोलीत एक नोंदपेटी बसवून दिली आहे. देखभालीचा वार्षिक करार संपून बराच काळ लोटला, तरी पेटीवरचा हिरवा दिवा अखंड लागलेला असतो. करार पुन्हा करण्याचा खर्च काही सभासदांना अनावश्यक वाटतो. संस्थेने स्वतः काय काय पाहावे? — सचिव, गृहनिर्माण संस्था, रत्नागिरी

उत्तर : हिरव्या दिव्याचा अर्थ बहुतेक यंत्रांत एवढाच असतो की पेटीला वीज मिळत आहे. संवेदकाकडून संकेत येतो आहे का, घड्याळ बरोबर आहे का, नोंद साठवायला जागा उरली आहे का आणि वीज गेल्यावर बॅटरी यंत्र चालवील का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तो दिवा देत नाही. मोठ्या धक्क्यात वीज जाण्याची शक्यता फार असते, आणि ती नेमकी इमारत सर्वांत जोरात हलत असतानाच जाऊ शकते. म्हणून सर्वांत आधी तपासायची वस्तू बॅटरी ही होय.

या पेट्यांत बहुधा १२ व्होल्टची बंद शिसे-आम्ल बॅटरी असते. चार्जर जोडलेला असताना मीटरवर साडेतेरा व्होल्टच्या वर आकडा दिसतो आणि पाहणाऱ्याचे समाधान होते, पण तो आकडा चार्जरचा असतो, बॅटरीचा नव्हे. मुख्य वीज बंद करून, करारात जितक्या तासांची हमी दिली होती तितके तास यंत्र बॅटरीवर चालते का हे पाहणे, हीच खरी परीक्षा आहे. अशा बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे धरतात, मात्र ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानासाठी. तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिले तर ते जवळपास निम्म्यावर येते. आपल्या मीटरखोलीत वाऱ्याला वाट नसेल, तर तीन वर्षे झालेली बॅटरी चालत असली तरी बदलावी, असे मी सुचवीन. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा काळात कोणतीही बॅटरी पुरणार नाही हे खरे. पण वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होते की कोणी कळ दाबावी लागते, हे आजच पाहून ठेवता येईल. खोल उतरलेली बॅटरी पुन्हा पूर्ण भरतेच असे नाही, त्यामुळे दीर्घ वीजखंडानंतर ती एकदा तपासून घ्यावी.

दुसरी गोष्ट वेळेची. यंत्र उपग्रहांकडून जीपीएसद्वारे वेळ घेते. गच्चीवरील छोट्या अँटेनावर कोणी पत्रा घातला, सौर पाणीतापकाची टाकी आडवी आली किंवा तिची तार उंदराने कुरतडली, तर यंत्र अंतर्गत घड्याळावर चालत राहते आणि हळूहळू मागेपुढे होते. वेळ चुकलेली नोंद आपल्या इमारतीपुरती उपयोगी पडेलही, पण दुसऱ्या ठिकाणच्या नोंदीशी ती जुळवता येत नाही. येथे एक गैरसमजही दूर करायला हवा. ही यंत्रे बहुधा जागतिक प्रमाणवेळ दाखवतात आणि ती भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते. कोयनेचा मोठा भूकंप आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सव्वाचारनंतर झाला, पण जागतिक वेळेनुसार त्याची तारीख १० डिसेंबर अशी पडते. तेव्हा पडद्यावरची वेळ साडेपाच तास मागे दिसली म्हणून कोणी ती "दुरुस्त" करू नये.

तिसरी गोष्ट चाचणी नोंदीची. पेटीवर किंवा संगणकावरील आज्ञावलीत हाताने नोंद सुरू करण्याची सोय असते. ती सुरू करून एकाने प्रत्येक संवेदकाजवळ जमिनीवर टाच आपटावी, आणि प्रत्येक संवेदकाच्या तिन्ही रेषा हलल्या का ते पाहावे. एखादी रेषा अगदी सरळ राहिली तर ती वाहिनी मृत आहे. इमारत शांत असताना रेषा शून्यापासून किती सरकलेली आहे हेही लिहून ठेवावे, कारण संवेदक केवळ एका अंशाने कलला तरी आडव्या रेषेत सुमारे ०.०१७ जी एवढा फरक पडतो. (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण.) मागच्या वेळेपेक्षा असा फरक अचानक दिसला, तर संवेदकाचा बोल्ट सैल झाला आहे किंवा कोणाचा तरी धक्का लागला आहे, असे समजावे.

नोंदी मोबाइलच्या सिमकार्डावरून बाहेर पाठवल्या जात असतील, तर ते सिम कोणाच्या नावावर आहे आणि त्याचा रिचार्ज कोण करतो, हेही विचारून घ्या. माजी खजिनदारांच्या नावावरचे सिम बंद पडले म्हणून नोंदी थांबणे ही फार क्षुल्लक गोष्ट वाटते, पण ती लक्षात येत नाही.

खर्चाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. वरच्या तपासण्या संस्था स्वतः करू शकते, मात्र वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस सरल्यावर नोव्हेंबरात, जाणकार तंत्रज्ञाने यंत्र उघडून पाहणे आवश्यक आहे. लिफ्ट बंद पडली तर त्याच दिवशी तक्रार येते. हे यंत्र बंद पडले तर तक्रार करायला कोणी येणार नाही. म्हणून लिफ्टच्या देखभालखर्चात त्याची बेरीज न करता अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ ठेवावी आणि मीटरखोलीत एक नोंदवही टांगावी. बॅटरी कधी बदलली, कोणता संवेदक कधी हलवला, शून्यरेषा किती होती, हे त्या वहीत नसेल तर उत्तम नोंदीचाही अर्थ लावणे पुढे अवघड जाते.

प्रश्न : आमचे कार्यालय समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. गच्चीवरील संवेदकाच्या पेटीचे स्क्रू गंजले असून आतल्या तांब्याच्या जोडांवर हिरवट थर आला आहे. वरून रंग मारून घेतला तर चालेल काय? — मालवण

उत्तर : रंग मारून घेऊ नये. रंगाखाली गंज वाढत राहतो, आणि रंग झाकणाच्या रबरी पट्टीवर गेला तर पेटी पुढच्या वेळी नीट बंद होत नाही. खाऱ्या हवेत पेटीत शिरणारी ओल मुख्यतः दोन वाटांनी येते. एक म्हणजे कडक झालेली रबरी पट्टी, आणि दुसरी म्हणजे केबल आत शिरते तेथील सैल ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारे बूच). पट्टी दर दोन-तीन वर्षांनी बदलावी. केबल पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. आत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि तिचा रंग बदलला की ती बदलावी. पेटी भर पावसाळ्यात उघडू नये. ओली हवा आत कोंडून झाकण लावले तर पुढचे चार महिने ती आतच राहते. जोडांवरचा हिरवा थर तंत्रज्ञाकडून साफ करून घ्यावा, आणि तो तारेच्या आत वरपर्यंत गेला असेल तर तेवढी तार कापून नवा जोड द्यावा.

बोल्ट मात्र ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच वापरावेत. किनाऱ्यालगत ३०४ प्रतीवरही तांबेरा चढतो. पेटीचा तळ ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादाचा असेल, तर खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते, म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत, मात्र ते बोल्टच्या डोक्याखाली आणि पातळ. तळ आणि स्लॅब यांमध्ये रबर घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. रबरावर बसलेला संवेदक इमारतीऐवजी रबराची हालचाल मोजू लागतो.

आपण विचारलेले नाही, पण गच्चीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. कोकणात गच्चीवर पत्र्याची शेड घालण्याची आणि दर काही वर्षांनी गळतीरोधक लेप देण्याची पद्धत आहे. लेप देणारे कामगार संवेदक सोडवतात, कोपऱ्यात ठेवतात आणि काम झाल्यावर परत बसवतात. तो नव्वद अंशांनी वळला आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यानंतरच्या सगळ्या नोंदींत इमारतीची लांबी रुंदी ठरते आणि रुंदी लांबी. यावर उपाय एवढाच की संवेदकाच्या शेजारी स्लॅबवर पक्क्या रंगाने दिशेचा बाण काढावा, त्याचे छायाचित्र वहीत चिकटवावे आणि ठेकेदाराच्या कामाच्या आदेशातच "संवेदक हलवू नये" असे वाक्य लिहावे. संवेदक शेडच्या नळीला किंवा कठड्याला लावलेला असेल, तर तो तेथून काढून खांब आणि तुळई मिळतात त्या ठिकाणी स्लॅबवर बसवून घ्यावा. वाऱ्याने थरथरणाऱ्या पत्र्याची नोंद आपल्याला नको आहे.

विजांविषयीही थोडे लिहितो. मे महिन्यातील वळवाच्या आणि ऑक्टोबरातील परतीच्या पावसात विजा अधिक पडतात. गच्चीवरून खाली येणारी संवेदकाची तार वीजरोधकाच्या पट्टीला समांतर, तिला लागून आणू नये, आणि तारेच्या दोन्ही टोकांना लाट-संरक्षक (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारे सर्ज प्रोटेक्टर) बसवावेत. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात पार कोरडा पडतो, त्यामुळे अर्थिंगचे मोजमाप पावसाळ्यात न करता एप्रिल-मे महिन्यात करावे. त्या वेळी ते समाधानकारक असेल तर इतर महिन्यांत काळजी नाही.

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या रुग्णालयाचा तळमजला बुडाला आणि तेथील संवेदक व नोंदपेटी दोन्ही निकामी झाली. आता नवे यंत्र घेताना तळमजल्याचा संवेदक पहिल्या मजल्यावर बसवावा, असा विश्वस्तांचा आग्रह आहे. तो योग्य आहे का? — चिपळूण

उत्तर : नोंदपेटी वर न्यावी, संवेदक नेऊ नये. विश्वस्तांची भीती रास्त आहे, पण पायाशी असलेला संवेदक हा सगळ्या मोजणीचा आधार असतो. जमिनीने इमारतीला काय दिले हे तो सांगतो, आणि गच्चीवरचा संवेदक इमारतीने त्याचे किती वाढवून काय केले हे सांगतो. दोहोंच्या तुलनेतूनच इमारत किती वाकली याचा अंदाज बांधता येतो. पहिला मजला स्वतःच इमारतीबरोबर हलतो, आणि तळमजल्यावर भिंती कमी असतील, जसे वाहनतळामुळे पुष्कळदा होते, तर सर्वाधिक वाकणे नेमके त्या दोन मजल्यांच्या मधे घडते. संवेदक वर नेला की तेच मोजायचे राहून जाते.

पायाशी अंगाने पूर्ण जलरोधक, पाण्याखाली बुडाला तरी टिकेल अशा श्रेणीचा संवेदक घ्यावा, त्याची तार मधे कोठेही न जोडता सलग पुराच्या ज्ञात पातळीच्या वर न्यावी आणि नोंदपेटी, बॅटरी व चार्जर दुसऱ्या मजल्यावर ठेवावेत. पुन्हा पाणी आलेच, तर ओसरल्यावर पेटी चालते का हे पाहण्यासाठी वीज देऊ नये. आतल्या ओल्या सर्किट-पाटीचे खरे नुकसान वीज दिली त्या क्षणी होते. आधी वीज आणि बॅटरी दोन्ही तोडावीत, साठवणकार्ड काढून वेगळे वाळवावे आणि यंत्र उत्पादकाकडे पाठवावे. बुडालेला संवेदक वाळल्यावर ठीक चालताना दिसला तरी त्याचे प्रमाणीकरण करून घेतल्याशिवाय त्याच्या आकड्यांवर विसंबू नये.

आपल्या गावाला या यंत्राची गरज आहे का, असेही विश्वस्तांनी विचारल्याचे आपण लिहिले आहे. सह्याद्रीच्या पलीकडे कोयना आहे, हे चिपळूणकरांना सांगायला नको. भूकंपरोधक बांधकामासाठीच्या भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीतील नकाशात कोयना परिसर आणि त्यालगतचा पश्चिम किनाऱ्याकडील काही भाग चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या, विभागात आहे. १९६७ चा तो ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा धरणाच्या आतल्या बोगद्यात एक त्वरणलेखक (त्वरण नोंदवणारे यंत्र) चालू स्थितीत होता आणि त्याने ०.६ जी च्या आसपासचे त्वरण नोंदवले, तर धरणाच्या आखणीत भूकंपाचे बल वजनाच्या ०.०५ पट एवढेच गृहीत धरले होते. ती एक नोंद जगभरच्या धरण-अभियंत्यांनी आजवर वापरली आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपातही, केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, अहमदाबादेतील पासपोर्ट कार्यालयाच्या कर्मचारी-वसाहतीच्या इमारतीतले यंत्र चालू होते, म्हणून शहरात इमारती पडल्या तेव्हा तेथील जमीन किती हलली होती याचा पुरावा मिळाला. पायाशी तो आकडा ०.११ जी च्या जवळपास होता. दोन्ही ठिकाणी त्या दिवशी यंत्र चालू होते, हे महत्त्वाचे.

प्रश्न : असे यंत्र बसवल्यास भूकंपाची आगाऊ सूचना मिळेल का? — दापोली

उत्तर : नाही. इमारतीतील यंत्र झालेली हालचाल मोजते. ते भाकीत करत नाही, आणि तसा दावा करून कोणी विकत असेल तर ते घेऊ नये.

प्रश्न : आमचे यंत्र वर्षभर निष्कारण नोंदी करते. रेल्वे जाते तेव्हा, जवळच्या खडी क्रशरवर सुरुंग लागतो तेव्हा, आणि गणपतीत तर मिरवणुकीचे ढोल वाजले की लगेच. साठवणूक भरते म्हणून ठेकेदाराने उंबरठा चौपट वाढवला आहे. हे बरोबर आहे का? — खेड

उत्तर : साठवणूक भरण्याची अडचण खरी आहे, पण उपाय चुकीचा निवडला आहे. इमारतींत नोंद सुरू होण्याचा उंबरठा सामान्यतः ०.००५ ते ०.०१ जी च्या दरम्यान ठेवतात. तो चौपट केला तर कोयना भागात होणारे मध्यम धक्के आपल्याकडे पोचेपर्यंत त्याच्या खालीच राहतील, आणि यंत्र खरोखर चालते आहे की नाही हे कळण्याची स्वाभाविक संधी हातची जाईल. त्याऐवजी एकाच संवेदकावर नोंद सुरू न होता, पायाचा आणि गच्चीचा असे किमान दोन संवेदक जवळजवळ एकाच वेळी हलले तरच ती सुरू व्हावी, अशी व्यवस्था आज्ञावलीत करता येते. ढोलाचा दणका बहुधा एकाच संवेदकाजवळ असतो, त्यामुळे पुष्कळ नोंदी एवढ्यानेच कमी होतील. सुरुंगाच्या नोंदी राहतील, पण त्या आखूड आणि जलद कंपनाच्या असल्याने नजरेला चटकन ओळखू येतात. नोंद सुरू होण्याच्या आधीचे काही सेकंद यंत्र स्मृतीतून घेऊन जोडते. तो काळ कमी करू नये, कारण भूकंपाची पहिली सौम्य लाट त्यातच सापडते.

शिवाय या "निष्कारण" नोंदी सगळ्या टाकून देण्यासारख्या नसतात. रेल्वेने किंवा वाऱ्याने इमारत किंचित डोलते तेव्हा ती आपल्या स्वाभाविक आवर्तनाने डोलते (आवर्तन म्हणजे एकदा पुढेमागे डोलायला लागणारा वेळ), आणि ते आवर्तन तिच्या ताठपणाची खूण असते. भारतीय मानक १८९३ मधील सूत्रानुसार २१ मीटर उंचीच्या, भिंतींचा आधार न धरलेल्या काँक्रीट सांगाड्याचे आवर्तन सुमारे ०.७४ सेकंद येते, आणि विटांच्या भिंती धरल्या व त्या दिशेची रुंदी १६ मीटर असली तर सुमारे ०.४७ सेकंद. आपल्या इमारतीचे प्रत्यक्ष आवर्तन एकदा काढून वहीत लिहून ठेवावे. धक्क्यानंतर ते लांबले आणि लांबलेलेच राहिले, तर सांगाड्याला किंवा भिंतींना कोठे तरी तडा गेला असण्याची शक्यता असते आणि अभियंत्याला कोठे पाहावे हे कळते.

मात्र तुलना करताना ऋतू जुळवावा. कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे मिलिकन ग्रंथालयाच्या इमारतीवर दीर्घकाळ अखंड मोजणी झाली. तेथे जोराच्या पावसानंतर इमारतीची वारंवारता काही टक्क्यांनी वाढते, म्हणजे आवर्तन तितके आखूड होते, आणि जमीन वाळत जाते तशी ती पूर्वपदावर येते, असे आढळले. तेथे एवढा फरक पडत असेल, तर आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात तो पडणार नाही असे धरून चालता येणार नाही. जुलैची नोंद जुलैशी आणि जानेवारीची जानेवारीशी ताडावी, आणि गच्चीवरील पाण्याची टाकी दोन्ही वेळी साधारण सारखीच भरलेली असावी.

प्रश्न : अलीकडे आम्हाला सौम्य धक्का स्पष्ट जाणवला, भांडीही वाजली, पण इमारतीतील यंत्रात काहीच सापडले नाही. यंत्र बिघडले असे समजावे का? — देवरूख

उत्तर : लगेच तसे समजू नये, पण दुर्लक्षही करू नये. प्रथम राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीत त्या धक्क्याची वेळ आणि तीव्रता पाहावी आणि ती जागतिक वेळेत आहे की भारतीय, याची खातरजमा करावी; पुष्कळदा नोंद असते, पण चुकीच्या तासात शोधली जाते. वेळ जुळवूनही काही न मिळाल्यास यंत्रातील उंबरठा किती आहे ते पाहावे. माणसाला बसल्या जागी, विशेषतः रात्री आणि वरच्या मजल्यावर, उंबरठ्यापेक्षा बरेच कमी कंपन जाणवते, तेव्हा नोंद न होणे हा दोषच असेल असे नाही. अखंड नोंद करणारे यंत्र असेल तर उंबरठ्याचा प्रश्नच नाही, त्या मिनिटाची रेषा उघडून पाहता येते. तेथेही शेजारच्या मिनिटांपेक्षा काही वेगळे दिसले नाही, तर संवेदक, तार आणि बोल्ट हे तिन्ही त्याच आठवड्यात तपासून घ्यावेत. रत्नागिरीच्या पत्राला दिलेल्या उत्तरातील टाच आपटण्याची चाचणी आधी करावी. ती घरच्या घरी होते आणि तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी दोष कोणत्या वाहिनीत आहे हे कळते. तपासणीचा निकाल, धक्क्याची तारीख आणि यंत्रातील उंबरठा हे तिन्ही वहीत लिहावे, म्हणजे पुढचा धक्का बसला तेव्हा तुलनेला काहीतरी हाताशी असेल.